अर्ध्या प्रश्नाची मालकी

मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे कोणत्या क्रमाने छापावीत, हा प्रश्न भारतीय कायद्याने क्षुल्लक मानलेला नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार आज मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार प्रथम, नोंदणीकृत परंतु मान्यता नसलेल्या पक्षांचे त्यानंतर आणि अपक्ष अखेरीस, अशा तीन गटांत नावे लावली जातात व प्रत्येक गटात ती वर्णानुक्रमानेच येतात. २०२५ साली निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावरील मतपत्रिकेसाठी नवे नियम केले आणि बिहारच्या निवडणुकीपासून ते लागू केले. त्यांतही सर्व उमेदवारांची नावे एकाच वळणाच्या व एकाच आकाराच्या टाइपात छापली जावीत, असा दंडक आहे. उमेदवार कितीही धनवंत असो, पैसे मोजून त्याला आपले नाव पहिल्या ओळीवर नेता येत नाही, ते शेजाऱ्याच्या नावापेक्षा ठळक करून घेता येत नाही, किंवा प्रतिस्पर्ध्याचे नाव दुसऱ्या पानावर ढकलता येत नाही.

या दंडकामागे लोकशाहीचा कडू अनुभव आहे. डोळ्यांपुढे मांडलेली यादी निर्विकार नसते, हे निवडणुकीत राबलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. नामसाधर्म्याचे डमी उमेदवार उभे करण्याची युक्ती जुनीच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राने तिचे नवे रूप पाहिले. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचे चिन्ह आणि अपक्षांना मिळालेले नुसते 'तुतारी' हे चिन्ह, यांतील साम्यामुळे आपली मते वळली, अशी तक्रार राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाने आयोगाकडे केली. सातारा मतदारसंघात तर 'तुतारी' घेतलेल्या अपक्षाला पडलेली मते विजयी आणि पराभूत उमेदवारांमधील अंतराहून अधिक होती. त्यांतली किती मते चुकून पडली, हे मोजता येणार नाही. परंतु छापील ओळीची जागा, तिच्या शेजारचे चित्र आणि तिचा टाइप यांवर माणसाचे बोट कोठे टेकते हे अवलंबून असते, याविषयी कोणत्याही पक्षाला शंका उरली नाही.

असे असताना, याच देशातील कोट्यवधी माणसे दिवसातून अनेकदा ज्या दुसऱ्या एका यादीतून निवड करतात, तिचा क्रम कोण ठरवितो? तिच्यातील कोणते अक्षर ठळक असावे, कोणत्या ओळीशेजारी चित्र असावे, यादी किती ओळींवर थांबावी, हे कोणत्या कायद्याने ठरते? उत्तर एकच आहे. ते कंपनी ठरविते. ही यादी म्हणजे मोबाइलवर वा संगणकावर शोधाच्या चौकटीत दोन अक्षरे लिहिताच तिच्याखाली उघडणारी सूचनांची यादी होय.

सोयीचा व्यापार

गूगल कंपनीने ही सोय डिसेंबर २००४ मध्ये प्रायोगिक म्हणून पुढे आणली आणि ऑगस्ट २००८ पासून ती आपल्या मुखपृष्ठावर सर्वांसाठी सुरू केली. २०१० साली तिने आणखी एक पाऊल टाकले. प्रश्न पुरा लिहून होण्याआधीच, पहिल्या सूचनेला धरून निकालाचे पान आपोआप पालटू लागले. हा प्रकार २०१७ साली बंद झाला, पण सूचनांची यादी राहिली. आज ती केवळ शोधयंत्रापुरती नाही. किराणा, कपडे, औषधे, चित्रफिती, प्रवास, जेवण, ज्या ज्या ठिकाणी शोधाची चौकट आहे, त्या त्या ठिकाणी तिच्याखाली यादी आहे. कित्येक ठिकाणी तर एकही अक्षर न लिहिता, चौकटीला नुसता स्पर्श करताच, 'सध्या लोक काय शोधत आहेत' याची यादी समोर ठाकते. प्रश्न सुचण्यापूर्वीच उत्तराची दुकाने मांडली जातात.

ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्यात शहाणपणा नाही. लहान पडद्यावर मराठी जोडाक्षरे लिहिणे हे कष्टाचे काम आहे. शुद्धलेखनाची खात्री नसलेल्या माणसाला तयार ओळ हा मोठाच आधार असतो. या सोयीमुळे टंकलेखनात सरासरी २५ टक्के बचत होते आणि जगातील सर्वांचा मिळून रोज दोनशे वर्षांहून अधिक इतका टंकलेखनाचा वेळ वाचतो, असा अंदाज गूगलने २०१८ साली प्रसिद्ध केला. तो मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. दररोज दोनशे वर्षांइतके श्रम ज्याने वाचविले, त्याने त्या बदल्यात काय घेतले?

त्याने घेतला तो निवडीचा पहिला क्षण. यादीची रचना नीट पाहावी. गूगलच्या संगणकावरील यादीत माणसाने स्वतः लिहिलेली अक्षरे साध्या टाइपात राहतात आणि कंपनीने जोडलेली अक्षरे ठळक होतात. ओळींमधला फरक चटकन कळावा हा त्यामागचा सांगितला जाणारा हेतू अप्रामाणिक नसेलही. परंतु परिणाम असा, की माणसाचा स्वतःचा शब्द फिका आणि कंपनीचा शब्द गडद. काही ओळींशेजारी लहानसे छायाचित्र असते, काहींशेजारी नसते. काहींवर 'लोकप्रिय' असल्याची खूण असते. मोबाइलवर कळफलकच अर्धा पडदा व्यापतो, आणि उरलेल्या पट्टीत मावतील तेवढ्याच ओळी त्या क्षणापुरते अवघे जग होऊन बसतात. खरेदीच्या ॲपवर 'प्रायोजित' हा शब्द असलाच तर तो बारीक, करड्या अक्षरांत कोपऱ्यात दडलेला असतो. यांतील एकही गोष्ट निसर्गतः घडलेली नाही. प्रत्येक छटा, प्रत्येक मोकळी जागा कोणीतरी ठरविलेली आहे, आणि किती बोटे कोठे पडतात याची मोजदाद करून ती पुन्हा पुन्हा सुधारलेली आहे.

या मोजदादीचे निष्कर्ष गुप्त राहिलेले नाहीत. २००५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या नजरेचा माग घेऊन पाहिले. शोधाच्या निकालांतील पहिल्या दोन ओळी त्यांना नकळत एकमेकींच्या जागी ठेवल्या, तरी त्यांचा कल पहिल्या जागेकडेच राहिला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी हीच कसोटी थेट सूचनांच्या यादीला लावली. यादीची गुणवत्ता त्यांनी मुद्दाम कमी-जास्त केली. तरीही वरच्या ओळींकडे झुकणारा प्रबळ कल दोन्ही स्थितींत कायम आढळला. याचा सरळ अर्थ असा, की या बाजारात जिंकते ती जागा. तिथे काय ठेवले आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि जिथे जागा जिंकते, तिथे जागेचा मालक हाच खरा विक्रेता असतो.

दर्शनी जागेचे भाडे

भांडवलदारीला हे तत्त्व नवे नाही. गल्लीतला वाणीसुद्धा ज्या मालावर नफा अधिक तो माल दर्शनी फळीवर ठेवतो. पण वाण्याच्या दुकानाशेजारी दुसऱ्या वाण्याचे दुकान असते, आणि गिऱ्हाइकाला त्याची फळी दिसते. शोधाच्या चौकटीला असा शेजारी उरलेला नाही. अमेरिकेत गूगलविरुद्धच्या खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्या कंपनीला बेकायदा मक्तेदार ठरविले. मोबाइल व ब्राउझर यांवर शोधाची चौकट मुळातच आपली असावी, एवढ्यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर इतरांना मोजले, हे त्या खटल्यात उघड झाले. ज्या चौकटीसाठी एवढी रक्कम मोजली जाते, तिच्याखालची यादी धर्मादाय असेल, असे कोणी मानावे?

यादीतील जागेची किंमत युरोपीय आयोगाने आकड्यांत मांडली आहे. जून २०१७ मध्ये आयोगाने गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. खरेदीच्या शोधात स्वतःच्या सेवेला ठळक जागा देऊन प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलल्याचा तो आरोप होता. संगणकावरील पहिल्या पानावरच्या दहा निकालांना एकूण क्लिकपैकी सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात आणि त्यांतला पहिला निकाल एकट्याने सुमारे ३५ टक्के घेतो, असे आयोगाने त्या वेळी सांगितले. दुसऱ्या पानावरील पहिल्या निकालाच्या वाट्याला येतो अवघा एक टक्का. पहिल्या जागेवरचा निकाल उचलून तिसऱ्या जागी ठेवला तर त्याचे क्लिक निम्म्याने घटतात, आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर हा परिणाम आणखी तीव्र होतो. माल तोच, किंमत तीच, कारागीर तोच. फक्त दोन ओळी खाली, आणि निम्मे गिऱ्हाईक नाहीसे.

भारताचा अनुभव वेगळा नाही. विवाहजुळणीची सेवा देणारी एक कंपनी आणि ग्राहकांची एक संस्था यांच्या २०१२ च्या तक्रारींवर भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. विमानप्रवासाच्या शोधात कंपनीने स्वतःच्या सेवेचा चौकोन निकालाच्या पानावर मोक्याच्या जागी मांडल्याचा ठपका त्या आदेशात होता. कंपनीने आदेशाला आव्हान दिले. तक्रारीपासून आदेशापर्यंत सहा वर्षे गेली. युरोपातील दंडावर अखेरचे शिक्कामोर्तब व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, म्हणजे सात वर्षे. खाली ढकललेल्या लहान व्यावसायिकाने तोवर काय खाऊन जगावे, याचा विचार कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या भारतातील कारभाराविषयी कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे वृत्तांत प्रसिद्ध केला. कंपनीच्या स्वतःच्या मार्कांचा नवा माल शोधाच्या निकालांत पहिल्या दोन-तीन जागांवर दिसावा म्हणून शोधाची 'पेरणी' करण्याची पद्धत आणि निकालांच्या वर झळकणारे फलक, या दोन्हींचे वर्णन त्या कागदपत्रांत असल्याचे रॉयटर्सने म्हटले. कंपनीने हे आरोप निराधार म्हणून फेटाळले. पण प्रश्न एका कंपनीच्या सचोटीचा नाही. बाजाराचा मालक, बाजारातला तोलारी आणि बाजारातला व्यापारी या तिन्ही भूमिका जिथे एकाच हाती आहेत, तिथे काटा सरळ राहील ही अपेक्षाच भाबडी आहे. सोलापूरचा चादर विणणारा आणि गावचा पापड-मसाल्याचा बचतगट यांना आज 'ऑनलाइन या' असा उपदेश सरकार करते. ते येतातही. पण ग्राहकाने 'चादर' असे लिहायला सुरुवात करताच खाली सोलापूरचे नाव येते की एखाद्या धनाढ्य मार्काचे, हे ठरविण्यात त्यांना कसलाही आवाज नाही. विक्रीचा ओघ मात्र तिथेच वळतो.

प्रश्न विचारण्याचा अधिकार

मालापुरतीच ही गोष्ट असती तर ती व्यापारी कायद्यावर सोपविता आली असती. पण माणूस शोधाच्या चौकटीत केवळ वस्तू शोधत नाही. तो आजाराविषयी विचारतो, कायद्याविषयी विचारतो, शेजारच्या जातीधर्माविषयी विचारतो, उमेदवाराविषयी विचारतो. प्रश्न अर्धा असतानाच त्याला शेपूट जोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती विचाराची दिशा आहे.

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने एक जाहिरातमाला काढली होती. स्त्रियांनी काय करावे, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे गूगलवर लिहिली असता त्यापुढे 'घरीच राहावे', 'गुलाम असावे' अशा सूचना येत होत्या, आणि त्याच ओळी स्त्रियांच्या ओठांवर छापून ती जाहिरात तयार झाली होती. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर'ने दाखवून दिले, की ज्यूंविषयीचा प्रश्न सुरू करताच पुढे 'दुष्ट' या अर्थाचा शब्द सुचविला जात होता. बोभाटा झाल्यावर गूगलने ती सूचना काढली. हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेल्याचे ज्या खंडाने पाहिले, तिथे ही ओळ रोज कित्येक कोवळ्या डोळ्यांपुढे उलगडत होती. शोधणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलही. त्याला त्या लोकांचा इतिहास वा त्यांचे सण विचारायचे असतील. द्वेषाचा प्रश्न त्याच्या हाती तयार करून ठेवलेला होता.

निवडणुकांचे काय? २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एपस्टाइन आणि रॉबर्टसन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. निकालांचा क्रम बदलल्यास अनिश्चित मतदारांचा कल २० टक्के वा त्याहून अधिक वळविता येतो, असा त्यांचा दावा होता. त्यांतला एक प्रयोग २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातील २,१५० अनिश्चित मतदारांवर झाला. हे प्रयोग निकालांच्या क्रमाविषयी होते, सूचनांविषयी नव्हे, आणि आपण निवडणुकीत ढवळाढवळ करतो हा आरोप गूगलने साफ नाकारला आहे. ते मान्य करावे. पण त्याच कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, काय जाहीर केले? एखाद्या उमेदवाराच्या वा पक्षाच्या बाजूचे किंवा विरोधातले वाटेल असे काहीही आपण सूचनांच्या यादीत येऊ देणार नाही, असे तिने जाहीर केले. सूचना जर निरुपद्रवी असत्या, तर ही खबरदारी कशासाठी? ज्या शक्तीचे अस्तित्व नाकारावयाचे, तिच्यावरच कुलूप घातल्याचे सांगावयाचे, असा हा दुटप्पीपणा आहे. आणि कुलपाची किल्ली कोणाकडे, तर कुलूप घालणाऱ्याकडेच.

तीन आक्षेप

या टीकेला ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले असे, की यादी हा समाजाचा आरसा आहे. लोक जे शोधतात तेच तिच्यात दिसते, मग आरशाला दोष का द्यावा? पण आरसा आपल्या काचेत काय दिसावे याची निवड करीत नाही. कंपनी मात्र निवडते. अश्लील, हिंसक, द्वेषपूर्ण अशा सूचना गाळण्याची तिची नियमावली आहे, आणि आपल्या यादीला 'सूचना' न म्हणता 'भाकिते' म्हणावे असा तिचा आग्रह आहे. शिवाय हे भाकीत स्वतःलाच खरे करीत जाते. जी ओळ वर दाखविली ती अधिक दाबली जाते, अधिक दाबली गेली म्हणून ती लोकप्रिय ठरते, आणि लोकप्रिय म्हणून पुन्हा वर येते. आपणच पेरायचे, आपणच कापायचे आणि जमिनीलाच हे पीक आवडते असे सांगायचे, यातला हा प्रकार आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१३ मध्येच हा आरशाचा युक्तिवाद पुरेसा मानला नाही. एखाद्याच्या नावापुढे बदनामीकारक शब्द सुचविले जात असतील, तर तसे कळविल्यानंतर ते दूर करण्याची जबाबदारी कंपनीवर येते, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला.

दुसरे उत्तर असे, की कोणी कोणावर सक्ती केलेली नाही. यादी नको असेल त्याने दुर्लक्ष करावे आणि आपला प्रश्न पुरा लिहावा. स्वातंत्र्याची ही व्याख्या कामगार चळवळीला चांगलीच परिचित आहे. गिरणीच्या दारात पहाटेपासून उभ्या राहणाऱ्या बदली कामगारालाही कोणी हाताला धरून आत नेत नव्हते. तो 'स्वतंत्र' होता. ज्याला भराभर टंकता येते, ज्याला चार भाषा येतात, ज्याच्यापुढे मोठा पडदा आहे, तो यादीकडे दुर्लक्ष करू शकतो. ज्याला लिहिणे कष्टाचे, ज्याचा पडदा लहान, ज्याला जेवणाच्या सुट्टीत पीकविम्याची वा नोकरभरतीची माहिती शोधायची आहे, त्याला यादीची गरज अधिक, आणि म्हणून यादीची सत्ताही त्याच्यावरच अधिक. हा शहरी सुशिक्षितांचा चोचला आहे, असे मानून चळवळीतले जे सहकारी या प्रश्नाकडे पाठ फिरवितात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तसेच, आपल्या नेत्याच्या नावापुढे अप्रिय सूचना आली की तेवढ्यापुरता संताप करणाऱ्यांनीही घ्यावी. प्रश्न कोणाच्या नावापुढे काय येते एवढाच नाही. ते ठरविण्याचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न आहे.

तिसरे उत्तर अधिक गंभीर आहे. सरकारने यात हात घातला तर उद्या मंत्रालयच सूचना लिहू लागेल, ही भीती. आणीबाणीत १९७५ ते १९७७ या काळात सेन्सॉरची कात्री ज्या चळवळीच्या नियतकालिकांनी सोसली, तिने ही भीती हसण्यावारी नेता कामा नये. परंतु मतपत्रिकेचा दाखला येथेच उपयोगी पडतो. नावे कोणत्या क्रमाने व कोणत्या टाइपात छापावीत हे कायदा सांगतो. मत कोणाला द्यावे हे कायदा सांगत नाही, आणि यादी रचण्याचे काम सत्ताधारी पक्षाच्या कचेरीवरही सोपवीत नाही. मांडणीचे नियम सार्वजनिक असणे आणि मजकूर सरकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडणीचे नियम खाजगी राहिले तरच सरकार आणि कंपनी यांना बंद दाराआड एकमेकांची सोय पाहता येते. सेन्सॉरशिपची खरी भीती ज्याला आहे, त्याने उघड नियमांची मागणी सर्वांत आधी केली पाहिजे.

काय मागावे

देशात कायद्याचे काही धागे आधीच आहेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रीच्या व्यासपीठाने मालाचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, हे सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसविणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. एक माहिती ठळक करून दुसरी झाकून टाकणारी रचना आणि वेषांतर केलेली जाहिरात, हे दोन्ही प्रकार त्यांत आहेत. धागे आहेत, पण वस्त्र नाही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सल्ला दिला, की त्यांनी तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करावी. कुंपण शेत खाते की नाही, हे कुंपणालाच विचारण्यासारखे हे झाले! स्वतःच्या सेवेला झुकते माप देण्यास मनाई करणारा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. वर्ष उलटून गेले तरी त्याला कायद्याचे रूप मिळाले नाही. युरोपात मात्र अशी मनाई करणारा कायदा त्याच मार्चपासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला.

तेव्हा समाजवादी चळवळीची मागणी नेमकी असली पाहिजे. शोधाच्या चौकटीखालील पैसे घेतलेली प्रत्येक ओळ त्याच आकाराच्या, त्याच गडदपणाच्या अक्षरांत 'जाहिरात' म्हणून ओळखता आली पाहिजे, आणि ती त्या माणसाच्या भाषेत असली पाहिजे. व्यासपीठाच्या मालकाचा माल आणि इतरांचा माल यांना एकच टाइप, एकच चित्राचा आकार व एकच निकष असावा. न लिहिताच उघडणारी 'लोकप्रिय' यादी मुळात बंद असावी, ज्याला हवी त्याने ती सुरू करावी. आज सुरू काय आणि बंद काय हे कंपनी ठरविते, ते उलटले पाहिजे. सूचनांच्या यादीत काय, किती वेळा, कोणाला व कोणत्या जागी दाखविले गेले याची नोंद व्यक्तीची ओळख पुसून विद्यापीठांतील स्वतंत्र संशोधकांना तपासता यावी. बदनामीकारक सूचनेविरुद्धची तक्रार ठरलेल्या मुदतीत निकाली निघावी, सहा-सात वर्षांत नव्हे. यांतील एकाही मागणीने कोणाचा आवाज बंद होत नाही. बंद होते ती फक्त अंधारातली मांडणी.

या मागण्या तांत्रिक वाटतील. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला कागदाच्या मांडणीचा प्रश्न एकेकाळी असाच तांत्रिक म्हणून सांगितला गेला होता. खत कसे लिहिले, व्याज कोठे मिसळले, अंगठा कशाखाली उमटला, हे सावकाराच्या आणि कुळकर्ण्याच्या हातातले शास्त्र होते. ज्याला वाचता येत नव्हते त्याने फक्त अंगठा द्यायचा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी बाजाराच्या दिवशी उठले आणि त्यांनी सावकारांची खते जाळली. जमीन कागदावरूनच जाते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या उठावानंतर परकीय सरकारलाही १८७९ चा कायदा करावा लागला. खताच्या मागे जाऊन हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि शेतकऱ्याची खते नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिली जाणे आवश्यक ठरले. सावकारी त्याने संपली नाही. पण सावकाराच्या माजघरातला कागद प्रथमच चावडीवर आला.

आजचा अंगठा शाईचा नाही. तो काचेवर टेकतो आणि खूण न ठेवता उठतो. तो कोणत्या ओळीवर टेकावा याची तजवीज करणारा हिशेब मात्र पूर्वीसारखाच माजघरात लिहिला जात आहे. तो चावडीवर आणण्याचे काम न्यायालये आणि आयोग आपणहून करणार नाहीत, कारण १८७९ चा कायदाही आपणहून झाला नव्हता. जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्राहक पंचायती, लहान व्यापाऱ्यांचे संघ, बचतगट, विद्यार्थी संघटना आणि कामगार संघटना यांना एकत्र आणून ही मागणी उभी करणे हे पक्षकार्यकर्त्यांचे काम आहे. मतपत्रिकेवरील नावांचा क्रम धनवंताच्या हाती जाऊ न देणाऱ्या देशाने, त्याच मतदाराच्या रोजच्या प्रश्नांचा क्रम त्याच्या हाती का द्यावा, एवढे एकच वाक्य घेऊन त्यांनी घरोघर जावे.